बोटभर जागा

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे मापताई म्हणत. एकोणीस वर्षं तिने लोकांच्या उरलेल्या पायांची मापं घेतली, कॉम्प्युटरात भरली, आणि मधल्या मधे तीनदा राजीनामा देऊन मागे घेतला. पहिल्या वेळी कारखान्याचे मालक, मोठे मिस्त्री, आजारी पडले, दुसऱ्या वेळी नवं यंत्र आलं, तिसऱ्या वेळी मिस्त्री नुसतेच रडले. हा चौथा. या वेळी धाकट्या बहिणीने दूरच्या गावात दोघींसाठी घर घेतलं होतं आणि शुक्रवारचं तिकीटही काढून पाठवलं होतं.

मिस्त्रींनी एकच काम सांगितलं. "कॉम्प्युटर तुडुंब भरलाय, ताई. तेवढा साफ करा, मग खुशाल जा." जागाच नसल्यामुळे वर्षभरात मापांची दुसरी प्रतही निघाली नव्हती.

काम तिच्या हातचा मळ. कुणाचं नवं माप घेतलं, की आधीच्या फाइलच्या नावापुढे ती 'जुने' लावायची. ताजं माप '४१२', आधीचं 'जुने ४१२'. मधे बोटभर जागा, कारण वडील शाळामास्तर होते आणि शब्दाला शब्द चिकटलेला दिसला की कान पिळायचे. 'जुने'ने सुरू होणारी प्रत्येक फाइल शोध आणि सापडेल ती पूस, अशी एका ओळीची कमांड तिने दिली. एरवी ती आधी 'पूस'च्या जागी 'नुसतं नाव दाखव' घालून बघायची. पण त्या दिवशी डोक्यात शुक्रवार बसला होता.

पडद्यावर तक्रारी सुरू झाल्या. 'जुने' अशी फाइल नाही. 'जुने' अशी फाइल नाही. दोनशे चौदा वेळा तेच रडगाणं.

"नाही कशी? ही काय ढळढळीत दिसतायत!" ती म्हणाली. जुन्या फाइली सगळ्या जागच्या जागी होत्या. म्हणजे काहीच पुसलं गेलं नाही, असं समजून तिने आता 'नुसतं नाव दाखव' घालून पाहिलं. वरच्या ओळीत आलं 'जुने', खालच्या ओळीत '४१२'. कमांडने त्या बोटभर जागेवर नाव मोडून एकाची दोन नावं केली होती. 'जुने' नावाची फाइल कधी नव्हतीच. '४१२' नावाची होती, आणि ती पुसली गेली होती.

जुनं सगळं शाबूत आणि त्या वर्षातली ताजी दोनशे चौदा मापं साफ! ४१२ म्हणजे एका पोस्टमनचा पाय. वर्षभरात सुकून बारीक झालेला. जुन्या मापाने केलेला पाय त्याला पहिल्याच गल्लीत सोलून काढणार.

सुटकेला एकच वाट होती. सगळ्या नावांमधून 'जुने' उडवायचं, म्हणजे जुनी मापंच ताजी म्हणून खपतील. कुणाला कळलं नसतं, आणि कळेपर्यंत ती बहिणीच्या घरी असती. ती कमांडही तिने लिहिली, या वेळी जागा नीट सांभाळून. एंटरवर बोट ठेवून ती बसून राहिली. त्या सगळ्या माणसांचा तिला मनापासून राग आला, पोस्टमनचा तर फारच. मग तिने ती ओळ खोडली.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"म्हणजे दोनशे चौदा माणसं पुन्हा बोलवायची?"

"हो."

"आणि मापं कोण घेणार?"

मिस्त्रींचा चेहरा हळूहळू उजळला. माणूस सरळ, आनंद लपवायचा प्रयत्न त्यांनी केला, पण जमेना.

"वर्ष तर लागेलच हो," ते म्हणाले. "बसा, बसा. चूक काय, कुणाच्याही हातून होते."

ते एक शब्द जरी रागावून बोलले असते, तर भांडून त्याच पावली निघता आलं असतं. त्यांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली, आणि ती बसली.