दाजींच्या विहिरीचे शेअर

दाजी पेडणेकरांनी परसात बायकोला हाक मारली, तरी रस्त्याने जाणारं माणूस दचकून थांबायचं. आवाजच तसा. सारा जन्म आगबोटीच्या इंजिनखात्यात गेलेला, तिथे ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही. ‘जलकन्या नेव्हिगेशन’ ही त्यांची कंपनी. खलाशी म्हणून चढले आणि खलाशांचे म्होरके, म्हणजे सारंग, होऊन उतरले. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा फंडाचे पैसे घेऊन ते वेंगुर्ल्याजवळच्या आपल्या वाडीत कायमचे राहायला आले. त्या पैशांचं काय करायचं हे कधीच ठरलेलं होतं. दारात विहीर खणायची.

नर्मदाकाकू लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरत होत्या. कधी रहाट मोकळा नसायचा, कधी मालकिणीचा मूड नसायचा. काकू कुणाला उलटून बोलल्या नाहीत. “आमची होतली,” एवढंच म्हणायच्या आणि घागर कडेवर घ्यायच्या.

आणि दाजींनी काय करावं? पैसे हातात आले आणि त्यांनी आपल्याच कंपनीचे शेअर घेतले! “वर्सभर थांब गो. दामदुप्पट होतले. मगे विहिरीक चिरेबंदी कठडो घालुया,” ते म्हणाले. काकूंनी मान डोलावली. आगबोटीतलं नवऱ्याला कळतं, यात शंका घेण्यासारखं काय होतं?

दाजींचा हिशोब सरळ होता. बोट लागायच्या दिवशी ते बंदरावर जाऊन उभे राहत आणि पडावांतून बोटीकडे जाणारी उतारू मंडळी बघत. गर्दी असली की शेअर चढणार. मे महिन्यात चाकरमान्यांनी बोट अशी भरली की पाय ठेवायला जागा नाही, आणि भाव खरंच चढला. मुंबईचा पेपर त्याच बोटीने यायचा. तो हातात नाचवत दाजी अख्ख्या वाडीला भाव ओरडून सांगत. काकू म्हणाल्या, “आता इका.” दाजी म्हणाले, “जरा थांब.” मग भाव कोसळला, तर दाजींनी उरलेल्या पैशांचे आणखी घेतले, स्वस्त झाले म्हणून! पुढच्या मे महिन्यात पुन्हा चढला. पुन्हा “जरा थांब.” त्या कागदाने वर्षभर त्यांना असं झुलवलं की जेवताना हातातला घास हातातच राहायचा.

पावसाळ्यात बोटी बंद झाल्या आणि पेपरही येईना. श्रावणात दाढ ठणकू लागली म्हणून दाजी सावंतवाडीला गेले. परतीच्या गाडीला वेळ होता, तेव्हा वाचनालयात डोकावले. घाटातून मोटारीने आलेल्या पेपरात ‘जलकन्या’चा भाव चार आण्यांवर आला होता. बोटी जुन्या, दुरुस्तीचा खर्च पेलत नाही, निम्म्या बोटी भंगारात जाणार. दाजींनी ती बातमी पहिल्यापासून पुन्हा वाचली. ज्या बॉयलरला त्यांनी स्वतःच्या हाताने वर्षानुवर्षं ठिगळं लावली, तो बॉयलर त्यांच्या हिशोबात कधी आलाच नव्हता. ते फक्त गर्दी बघत राहिले होते.

घरी आले तर ओटीवर लवू बसलेला. लवू त्यांचा शेजारी, साधा सरळ माणूस. मुंबईच्या गिरणीतल्या भावाने कौलांसाठी पाठवलेले पैसे त्याने कमरेला बांधून आणले होते. “दाजीनूं, तुमचे अर्धे शेअर माका देवा. तुमी मे म्हयन्यात सांगितलास त्या भावान घेतंय. उद्या देवळात नारळ ठेवया.”

दाजींनी नाही म्हटलं नाही. अर्ध्या शेअरांत विहिरीचे पैसे सुटत होते! सावंतवाडीचा पेपर वाडीत कुणी बघणार नव्हतं. रात्रभर त्यांनी स्वतःची समजूत घातली: भाव परत चढेलही, लवूचंही भलं होईल. खोटं बोलायला आपल्या मनाइतकं हुशार कोणी नाही.

सकाळी देवळात वाडी जमली. गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचा मान पेडणेकरांचा. दाजी देवापुढे उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा! लवून तुझ्या पुढ्यात नारळ ठेवल्यान हा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“त्येका माझे शेअर घेवचे आसत!”

“व्हय म्हाराजा!”

आता ‘त्येका बरकत दी’ म्हणायचं. दाजींनी वळून पाहिलं. लवू हात जोडून, डोळे मिटून उभा होता. दाजी पुन्हा देवाकडे वळले.

“पण त्या शेअराचो भाव पडलो हा म्हाराजा! मी काल वाचून इलंय. लवूक ठावक नाय, आणि मी ते त्येच्या गळ्यात बांधूक निघाललंय! बोटीर जन्म गेलो म्हणान वाटला, माका सगळा कळता. काय एक कळाक नाय. माझ्या बायलेची विहीर त्या कागदात बुडाली! लवूक ह्यातसून राख म्हाराजा!”

असलं गाऱ्हाणं कोणी ऐकलं नव्हतं. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं की नाही, म्हणून सगळे एकमेकांकडे बघू लागले. काकूंना विहीर गेल्याचं कळलं ते तिथेच, चारचौघांत. दाजींची मागे वळून बघायची छाती नव्हती. आणि मग बायकांच्या बाजूने एकटा आवाज आला, “व्हय म्हाराजा!”

तो नर्मदाकाकूंचा होता. त्यामागून सारं देऊळ म्हणालं.

घरी जाताना दाजी हळूच म्हणाले, “रागावलंस गो?”

“रागावलंय तर! वर्सभर रागावतलंय. पण दिवाळी झाली की पहार काढा.”

“गड्यांका पयशे खंयसून देव?”

“पयशे गड्यांका लागतत. तुमी आणि मी खणला तर मजुरी कोण मागता?”

कातळ फोडायला वर्षं लागली. लवू रोज सकाळी आपली पहार घेऊन यायचा, सांगावं लागलं नाही. दाजींना मोठं म्हणायचं ते याचसाठी: हरल्यावर ते गप्प बसले नाहीत आणि लपलेही नाहीत. वाडीत कोणी शेअरचं नाव काढलं, की ते त्याला त्या अर्ध्या खड्ड्याच्या काठावर आणून उभं करीत आणि स्वतःची फजिती पहिल्यापासून सांगत.

साठ साल उलटल्यावर एका दुपारी खालून तो जुना बोटीवरचा आवाज अख्ख्या वाडीने ऐकला. “पाणी लागला गो!”

काठावर घागर घेऊन उभ्या असलेल्या काकू खाली वाकल्या आणि तितक्याच मोठ्याने ओरडल्या, “व्हय म्हाराजा!”