उद्घाटनाआधी निघालेली गाडी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या ताईचे. वडूजजवळच्या आमच्या गावात तिनं शाळा सोडून मेंढरं राखली, म्हणून मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो. त्या पदवीच्या जोरावर कुपवाडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी लागली. काम एकच: माल भरलेल्या थंड गाडीचं दार बंद आहे की नाही ते पाहणं. एवढ्याला विज्ञानाचा पदवीधर कशाला लागतो, असं मला वाटायचं. मग मालकांशी ओळख झाली.

ताईचं सासर मेढ्याकडं. यंदा तिनं पहिल्यांदाच स्ट्रॉबेरी लावली. हैदराबादचा एक व्यापारी म्हणाला, पहिली गाडी चांगली आली तर सगळा हंगाम घेतो. ती गाडी आमच्याच कोल्ड स्टोरेजमधून सुटायची होती, आणि नेमक्या त्याच दिवशी मालकांच्या नव्या थंड गाडीचं उद्घाटन होतं. ताईच्या पेट्या त्या गाडीत चढल्या आणि दारं सताड उघडी ठेवण्याचा हुकूम झाला. फोटोत माल दिसायला हवा होता.

उद्घाटनाचे पुढारी वेळेवर येणार होते, म्हणजे अजून यायचेच होते. गाडीला हार घातला, नारळ फोडला. एका भाविकानं पेटत्या उदबत्त्यांचा जुडगा थेट पेट्यांत खोचला. थंड फळाला गरम हवा लागली की घाम सुटतो आणि मग बुरशी धरते, हे मी मालकांना सांगितलं.

"आवं पदवीधर, आत एसी हाय न्हवं?"

"दार उघडं आहे, साहेब."

"मग आणखी वाढवा की एसी!"

कुपवाडचं तापमान खाली आणण्याचा हा प्रयोग माझ्या अभ्यासक्रमात नव्हता. मंडळी चहाला मांडवात गेल्यावर मी हमालांना घेऊन पेट्या मागच्या जुन्या थंड गाडीत हलवल्या आणि नव्या गाडीत रिकाम्या पेट्या रचल्या. जुन्या गाडीचे चालक, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, काच खाली करून म्हणाले, "मालकानं इचारलं तर?"

"मी हाय की हितं. निघा तुमी."

"लय शिकलायसा गड्या," मामा म्हणाले. "आता दुसरी नोकरी बघा." आणि त्यांनी गाडी हैदराबादच्या रस्त्याला लावली.

पुढारी आले. शेतकऱ्याच्या घामावर बोलले, फळाच्या घामावर नाही. मग फोटोसाठी त्यांनी एक पेटी उचलली. ती इतकी सहज डोक्यावर गेली की त्यांना स्वतःच्याच ताकदीचं कौतुक वाटलं. कुणीतरी म्हणालं, "साहेब, एक फळ खाऊन दाखवा की!" त्यांनी झाकण उघडलं.

पुढचं मालकांनी मला केबिनमध्ये सांगितलं, तेही उभ्या उभ्या. परवा ताईला पत्र टाकलं. ते असं:

ताई,

तुझा माल हैदराबादला चांगला पोचला. व्यापारी सगळा हंगाम घेतो म्हणाला. फोनवर तू "जेवलास का"च्या पुढं मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. माझी नोकरी गेली. मालकांना फोन करून शिव्या देऊ नकोस, त्यांच्याकडून मला अनुभवाचा दाखला घ्यायचाय. तू शाळा सोडलीस म्हणून मी शिकलो. त्या शिक्षणाचा तुला काही उपयोग झाला, याचं मला बरं वाटतं. पुढच्या खेपेला फळ ऊन चढायच्या आत तोडा आणि पेट्या सावलीत ठेवा. गाडीचं मी बघतो.

तुझा धाकटा