पावडरला दाखवलेलं ऊन

दीपमाला बाराच्या सुमारास कॉलेजातून परतली, तेव्हा स्लॅबवर कुरडयांच्या शेजारी, स्टीलच्या ताटलीत तिची नऊ वर्षं वाळत पडली होती.

चव्वेचाळिशीची ही बाई मलकापूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. नऊ वर्षं चाललेल्या पीएच.डी.ची शेवटची मुदतवाढ जूनअखेर संपणार होती. मोबाइलच्या पडद्यात उजेड देणाऱ्या पदार्थांना इरिडियमसारखा महागडा धातू लागतो. तिथं तांबं चालवता येईल का, हे तिचं काम. तांब्याच्या संयुगाची पिवळी पावडर तिनं केली होती. ती उजळल्यावर उजेड किती वेळ रेंगाळतो, ते मोजायला नागपूरच्या यंत्रावर चार महिन्यांनी पाळी लागली होती, ती उद्याची. ते आकडे मिळाले तरच प्रबंध पुरा होणार. पावडर पुन्हा करायची तर कॉलेजातला नायट्रोजनचा सिलिंडर मार्चमध्येच संपलेला.

मे महिन्यात प्रयोगशाळेची भट्टी होते, म्हणून तिनं बंद शिशी घरी आणून चहाच्या जुन्या डब्यात, माठाच्या मागं ठेवली होती. हवा लागली की पावडर हिरवी पडते, हे तिनं घरात सगळ्यांना बजावलं होतं. सासूबाई, शालूबाई, तेवढ्या तेव्हा वरवट बकालला लेकीकडे गेल्या होत्या. आणि शालूबाईंचा मे म्हणजे डबे उपसून डाळी-मसाल्यांना ऊन दाखवायचा महिना.

"आई, ही शिशी कोनं उघडली?"

"म्या. काय घट्ट झाकण लावलं व तुनं! हळदीवानी दिसली, म्हटलं किडे लागतीन. दहा वाजल्यापासून ऊन दाखवून राह्यली. काऊन, इख हाय का?"

"राहू द्या," दीपमाला म्हणाली. लग्नाला वीस वर्षं झाली, हे दोन शब्द तिच्या तोंडात बसूनच गेले होते.

तापल्या स्लॅबवर ती तशीच उकिडवी बसली. ताटलीतली पावडर कडेनं कळकलेल्या भांड्यासारखी हिरवी झाली होती. रडूही येईना. शिशीच्या बुडाशी मात्र थोडी घट्ट चिकटून राहिली होती. शालूबाईंच्या चमच्याला ती निघाली नव्हती.

नवऱ्याच्या दुकानातली नोटा तपासायची जांभळी टॉर्च घरातच होती. पण भर दुपारी अंधार आणायचा कुठून? तिनं खोलीत गोधडी डोक्यावरून ओढली.

"मी बी पाह्यतो," म्हणत शालूबाई आत शिरल्या. बेचाळीस डिग्रीत सासूसुना गोधडीत घामाघूम झाल्या.

टॉर्च ताटलीवर धरली. काही नाही, राख. शिशीत धरली, तर बुडाशी नखाएवढा पिवळा उजेड उठला.

"बाई व! हे कायनं जळते?"

"जळत नाही. हिच्यात वीज सोडली तं तिचे चारातले तीन हिस्से खालच्या पायरीवर अडकून बसतात, उजेड देत नाहीत. तांब्यात ती पायरी ठेंगणी असते. खोलीतली ऊब मिळाली की ते वर चढतात न मंग उजेड देतात. उशिरा, पण वाया जात नाही."

"ऊब लागते म्हनं! मंग मी ऊनच तं दाखवलं."

दीपमालाला हसू आलं, आणि त्याचाही शीण झाला. "ऊब पाह्यजे आई, हवा नाही."

"नऊ वर्सं झाली, तुहं बी उशिराच हाय म्हना," म्हणत शालूबाई गोधडीतून बाहेर पडल्या.

दीपमालानं नागपूरच्या यंत्रावर काम करणाऱ्या योगिनीला फोन लावला. "चिमूटभर पुरेल," योगिनी म्हणाली, "पण उघडलेली शिशी उद्यापर्यंत टिकायची नाही. आजच आण, मी लगेच नायट्रोजनमध्ये ठेवते."

दीडची गाडी होती. शालूबाईंनी मेणबत्ती पेटवली आणि लोणच्याच्या बरणीला करतात तसं झाकणाभोवती मेण ओतलं. मग पोळ्या-चटणीची पुरचुंडी पर्समध्ये कोंबली. कुणीच माफी मागितली नाही. घरात ती पद्धत नव्हती.

दीपमाला जिना उतरत होती, तोच वरून हाक आली, "कुरडया उलटवायच्या राह्यल्या व!"

पायरीवर तिचा पाय अडखळला. अंग मोडून आलं होतं, तरी नाही म्हणण्यापेक्षा परत जाऊन उलटवणं सोपं होतं.

"तुमी उलटवा, आई," ती म्हणाली, आणि उन्हात उतरली.