ज्या छतावर कुंचा फिरत नाही

बायको सॅनिटोरियममध्ये आणि हा गडी बदलापुरात घर बांधतोय, म्हणून अंबरनाथच्या आमच्या कारखान्यातले लोक माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायचे. घर पाहावं बांधून म्हणतात, पण ते दोघांनी पाहायचं असतं. मी एकटाच पाहत होतो. इलाज नव्हता. क्षयाचं नाव निघालं की तेव्हा लोक घरात पाणीसुद्धा घेत नसत, आणि भाड्याच्या खोलीच्या मालकानं तर तोंडावर सांगितलं होतं की बाईंना इथं परत आणू नका. म्हणून मांजर्लीच्या बाजूला, भातशेतीच्या कडेला दोन खोल्या घातल्या. ती बरी होऊन येईल की नाही हे कुणीच सांगत नव्हतं.

कौलांतून माती गळते म्हणून वर स्लॅब टाकला. तो टाकला उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी ठेकेदारानं. फळ्या काढल्या आणि माझं डोकंच फिरलं. फळीफळीचा वण उठलेला, मध्येच गळवासारखा फुगवटा. मी नाही नाही ते बोललो. तो म्हणे लाकूड ओलं होतं, हवा दमट होती. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! पण गडी बेरका. दुसऱ्या दिवशी एक पत्र्याचा डबा घेऊन आला. आत पोलादी पट्ट्या, बाजूला दांडा. डब्यात सिमेंट-चुन्याचा पातळ काला भरायचा आणि दांडा गरागरा फिरवायचा, की शिंतोडे उडून बसतात आणि वाळल्यावर त्यांचे दाणे होतात. बंगल्यांच्या बाहेरच्या भिंतींना हल्ली हेच मारतात, तुमच्या छताला आतून मारू, एक वण दिसला तर पैसे देऊ नका, असं त्याचं म्हणणं. एका कोपऱ्यात नमुना मारूनही दाखवला. निम्मा माझ्या टोपीवर पडला.

कल्याणहून आत्या घर बघायला आली. वर बघून म्हणाली, “अरे, छताला देवी आल्यात की!” मग दिवाळीला जळमटं कशी काढणार, चुना कसा मारणार, असल्या दाण्यांवर कुंचा फिरतो का कधी, हे सगळं ऐकवून झालं. खरं तर बरोबरच बोलत होती, म्हणून मला जास्त राग आला. सॅनिटोरियमच्या डॉक्टरांनीही बजावलं की रोगी यायचा त्या खोलीत धूळ धरणारं काही नको. गुळगुळीत गिलावा करा आणि दरवर्षी चुना मारा. मिटलं. मी गुळगुळीत करायचं ठरवून टाकलं.

भेटीच्या दिवशी तिला हे सगळं सांगितलं ते केवळ बोलायला विषय हवा म्हणून. तिथं गेलं की बोलणं लगेच संपायचं. तिला उताणं पडून राहायचा हुकूम होता. मी खाटेपासून लांब, स्टुलावर. आत्याचं देवीचं बोलणं ऐकून ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. मान वळवून तिनं विचारलं, त्यावर खरंच कुंचा फिरत नाही का? नाही म्हटलं.

“मग तेच करा,” ती म्हणाली. “इथं खाट रिकामी झाली की दुसऱ्या दिवशी माणसं चुन्याची बादली घेऊन येतात. कोण गेलं ते आम्हाला सांगत नाहीत, वासावरून कळतं. चुना वाळला की तिथं कुणी होतं असं वाटतसुद्धा नाही. मी गेले, तर माझ्या घरात तरी असं लगेच पांढरं करता येऊ नये.”

मी म्हटलं, शुभ बोल जरा.

हे बोलणं कुणाला सांगणार? आत्याला सांगितलं असतं तर तिनं पदर डोळ्यांना लावला असता, आणि डॉक्टर म्हणाले असते, मन रमवा त्यांचं. कारखाना सुटला की मी त्या अर्धवट घरात जाऊन बसायचो. चटई टाकून, ती पडेल तसा उताणा पडायचो आणि वर बघायचो. दाणे मारले आणि त्यांतल्या धुळीनं तिचा खोकला उलटला, तर ते माझ्या हातून झालं. गुळगुळीत केलं, तर ज्याची तिला धास्ती तेच डोक्यावर घेऊन ती पडून राहणार. चिडायलाही समोर कुणी नव्हतं. शेवटी ठेकेदाराला म्हटलं, आण तुझा डबा.

आत्यानं बोलणं टाकलं. डॉक्टरांना मी स्लॅब खराब असल्याचं कारण सांगितलं. भाड्याची खोली सोडून राहायला गेलो, आणि दर रविवारी बांबूला ओलं फडकं बांधून ते छत पुसत बसलो. मान मोडून यायची. तिचं ते बोलणं आणि मी, एवढेच त्या घरात राहत होतो.

आणि ती बरी झाली! नवी इंजेक्शनं तिला मानवली. अंग भरलं, आवाज भरला. घरात पाऊल टाकलं, इकडेतिकडे बघितलं, मग वर बघून म्हणाली, “अगंबाई, हे काय करून ठेवलंत?”

मला वाटलं थट्टा करतेय. मग मी तिला तिचंच बोलणं सांगितलं, जसंच्या तसं. तिनं मनापासून आठवून पाहिलं.

“मी असं म्हणाले? ताप असेल हो अंगात,” ती म्हणाली. “आणि तुम्ही ऐकलंत!”

दिवाळी तोंडावर आली होती. तिनं पदर खोचला आणि हुकूम सोडला की हे सगळं खरवडून काढा, मला घर पांढरंशुभ्र हवंय. ठेकेदाराचा माणूस छिन्नी-हातोडी घेऊन आला. धूळ नको म्हणून तिला शेतापलीकडच्या घरी बसवून आलो. मी नाकाला पंचा बांधून आत उभा होतो, वरून दाणे पडत होते आणि तिकडच्या ओटीवरून तिचं हसणं स्वच्छ ऐकू येत होतं. त्यात खोकला नव्हता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण खाटेवरून मान वळवून जी माझ्याशी बोलली होती, ती आता तिलाही ठाऊक नव्हती. ती तिकडे आजारी होती तेव्हासुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.