शोकेसमध्ये मावेल असा कॉम्प्युटर

वस्तू घरात आली की चार दिवसांत तिची सवय होऊन जाते. किस्से साठतात ते न आलेल्या वस्तूचे. आमच्याकडे कॉम्प्युटर येईपर्यंत दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगाही गेला, आणि जवळजवळ दर रविवारी एकेकाची भर पडत राहिली. मी घरात नवीन होते. नव्या सुनेला बोलायचं काम कमी, ऐकायचं जास्त. त्यामुळे सगळे किस्से माझ्याकडेच जमा झाले.

आमचं घर विरारला, फुलपाड्यात. वन रूम किचन. हॉलमध्ये आई-आप्पा, म्हणजे माझे सासू-सासरे, आणि टीव्ही. स्वयंपाकघरात आम्ही दोघं आणि फ्रिज. अमोलची नोकरी अंधेरीला. तो निघायचा तेव्हा मी डबा भरण्यात, आणि परतायचा तेव्हा त्याचे डोळे मिटत आलेले. उरला रविवार. तो जायचा वसईच्या एव्हरशाईन सिटीत, त्याचा मित्र पराग याच्या घरी, कॉम्प्युटरवर गाड्या पळवण्यात. मला एक रविवार हवा होता, अख्खा, अमोल घरात असलेला. तेव्हा हा कॉम्प्युटर आमच्या हॉलमध्ये यावा असं सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल, तर मला. हे मी कुणाला सांगितलं नाही.

*

सुरुवात आईंनी केली. एका रविवारी अमोल बूट घालत होता, तर म्हणाल्या, "त्या परागकडे पडून असतोस, त्यापेक्षा इथेच आण ना एखादा. निदान दिसशील तरी."

पुढच्याच रविवारी पराग सल्ला द्यायला आमच्याकडे. तो एका ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, म्हणून या विषयात त्याचा शब्द शेवटचा. अमोलने अटी सांगितल्या. छोटा हवा, शोकेसमध्ये टीव्हीशेजारी मावला पाहिजे. वेगळा मॉनिटर नको, टीव्हीलाच जोडायचा. गेम झकास चालले पाहिजेत. आणि स्वस्त.

पराग चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "छोटा, स्वस्त आणि गेमवाला. यातले दोन मिळतात, भावा. तिसरं सोडावं लागतं. काय सोडू बोल."

आई आतून म्हणाल्या, "गेम सोडा."

*

मग माप. शोकेसमध्ये टीव्हीच्या डाव्या बाजूला एक कप्पा होता. घरात टेप सापडेना. अमोलने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा त्यात आडवा घालून पाहिला, तर अगदी फिट्ट. "झालं. हाच नेतो दुकानात. म्हणतो, एवढा द्या."

शनिवारी हाफ डे संपवून तो आणि पराग डबा घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानदाराने विचारलं, काय हवंय? अमोलने डबा काउंटरवर आडवा ठेवला आणि म्हणाला, "या मापात बसेल असा." दुकानदाराने डबा उचलला. आत काहीतरी खुळखुळलं. झाकण काढलं, तर गळ्यापर्यंत चकल्या.

रिकामा डबा घेऊन माणसाने दाराबाहेर पडू नये, असा आमच्या आईंचा नियम. सकाळीच भरून ठेवला होता. अमोलला वाटलं, पत्राच जड आहे.

दुकानदाराने एक खाल्ली, मग दुसरी, मग आतल्या दोघांना बोलावलं. संध्याकाळी हे दोघे हात हलवत परत. मी विचारलं, "मिळाला का?"

"एवढ्या लहान कॅबिनेटमध्ये गेमचं कार्ड बसत नाही म्हणाला." अमोल खुर्चीत बसला. "आणि चकल्या ऑर्डरने करून देता का, असं आईला विचारायला सांगितलंय."

*

ते कार्ड का बसत नाही, हे अमोलने मला पोळपाटावर समजावलं. मी पोळ्या लाटत होते. त्याने माझी लाटलेली पोळी ओढून घेतली. "हा बघ, मदरबोर्ड." त्यावर लिंबू ठेवलं. "हा प्रोसेसर." मग कालथा उभा धरला. "हे कार्ड. कॅबिनेट बुटकं असलं की हे उभं राहत नाही. मग बुटकं कार्ड घ्यायचं, तर त्यात गेम अडकत अडकत चालतात. मोठं घ्यायचं, तर ते तापतं, आणि हवा खेळायला जागा नाही."

तो बोलत होता, हात नाचवत होता, तवा धूर सोडत होता. मी गॅस बारीक केला, पण त्याला थांबवलं नाही. लग्नानंतर तो माझ्याशी इतका वेळ कधी बोलला नव्हता.

त्या सगळ्या बोलण्यात 'तू' एकदाच आला. "तू जरा सरक. इथे फॅन येतो."

*

उन्हाळा लागला तेव्हा पराग एक चपटं, सेकंडहँड मशीन ट्रायलला घेऊन आला. कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं, दिसायला व्हीसीआरसारखं, कप्प्यात बरोबर बसणारं. टीव्हीला जोडलं. अक्षरं इतकी बारीक आणि थरथरती की आप्पांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "यापेक्षा शेअरबाजाराचं पान मोठ्या टायपात असतं."

"आप्पा, गेममध्ये वाचायचं काय असतं?" अमोल म्हणाला.

गेम सुरू झाला. गाडी पळाली. थोड्या वेळाने स्क्रीन काळी. पुन्हा सुरू केलं, पुन्हा काळी. शोकेसच्या काचा बंद होत्या, आत नुसती भट्टी. परागने हात लावून पाहिला. "तापून बंद पडतंय. हे नाही चालायचं."

दोघे तावातावाने कॅबिनेटला भोकं पाडावीत की काचा काढाव्यात यावर भांडत बसले. आई शोकेसजवळ गेल्या, मागच्या बाजूला हात धरला, गरम झोत अजमावला. मग आत जाऊन पोह्यांच्या पापडांचं ताट घेऊन आल्या आणि शोकेसच्या मागे सरकवून ठेवलं.

"हाच घ्या," त्या म्हणाल्या. "गच्चीवर कावळे फार झालेत."

*

त्याच सुमारास माझे बाबा आले. माझं माहेर वसईत, होळी नावाच्या गावी, आमची केळीची आणि भाजीची वाडी. बाबा पिशवीभर वेलची केळी आणि अळूच्या जुड्या घेऊन हॉलमध्ये टेकले. समोर अमोल आणि पराग जमिनीवर स्क्रू मांडून बसलेले. बाबांनी चहा घेतला, आप्पांशी पाण्याच्या टँकरबद्दल बोलले आणि उठले. मी त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेले.

बाबा दोन पायऱ्या उतरून थांबले. हळू आवाजात म्हणाले, "बाय, ठीक आहे ना सगळं?"

मी म्हटलं, "हो बाबा. फक्त पॉवर सप्लाय कमी पडतोय."

घरी जाऊन बाबांनी माझ्या आईला काय सांगितलं कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी तिने अळीवाचे लाडू पाठवले.

*

शेवटी परागच्या ओळखीने एक मशीन ठरलं. थोडं जाड, त्यामुळे शोकेसच्या काचा काढायच्या. कार्ड मधलं, म्हणजे नवे गेम जरा थांबत, जुने झकास. तडजोडच, पण परवडणारी. मला तर त्या क्षणी कुठलंही चाललं असतं. शनिवारी दोघे ते घेऊन निघाले आणि अमोलने वाटेतून फोन केला.

आईंनी फोन घेतला. "आज शनिवार आहे. शनिवारी लोखंड घरात येत नाही."

"आई, ते लोखंड नाहीये, कॉम्प्युटर आहे."

"कशाचा आहे?"

"पत्र्याचा."

"मग?"

म्हणून तो त्या रात्री परागकडे उतरला. रविवारी सकाळी आणतो म्हणाला. मी सकाळी शोकेस पुसली, हार काढून ठेवला. दुपारी भात परत गरम केला. दिवेलागणीला रिक्षा थांबली. कॉम्प्युटर आला, त्याच्यामागून डोळे लाल झालेला अमोल आला.

"नीट चालतोय का ते बघत होतो दिवसभर," तो म्हणाला.

आईंनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. मी अमोलच्या हातात नारळ दिला. तो दोनदा आपटूनही फुटला नाही, तेव्हा आप्पा म्हणाले, "पोटात काही आहे का त्याच्या? जेवायला वाढ आधी."

*

पुढच्या रविवारी अमोल खरंच घरात होता. परागही होता. त्याने स्वतःची जॉयस्टिक आणली होती, ती आमच्याकडेच राहिली, म्हणजे आता दोन झाल्या. "वहिनी, चहा फर्मास," असं तो चार वेळा म्हणाला, म्हणजे चहा किती झाला ते आलंच. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भाजी निवडत बसायचे. तिथून अमोलची पाठ दिसायची आणि टीव्हीतली गाडी.

असे बरेच रविवार गेले. एकदा आई माझ्याशेजारी शेंगा सोलायला बसल्या. माझं लक्ष कुठे आहे ते त्यांनी पाहिलं असावं.

"दिसतो ना पण," त्या म्हणाल्या.

*

मग एका रविवारी परागच्या घरी पाहुणे आले. तो येणार नव्हता. अमोल एकटाच खेळायला बसला, दोनदा जिंकला, कंटाळला, आणि मागे वळला.

"ये ना. दोघांचा गेम आहे."

मी आप्पांकडे पाहिलं. ते खुर्चीत पेपर वाचत होते. आई सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या. या घरात मी अमोलच्या शेजारी बसले होते ते फक्त सत्यनारायणाच्या पूजेला, पाटावर. मी हात पुसले आणि चटईच्या टोकाला बसले. तो म्हणाला, "वायर तिथवर पुरत नाही." मी थोडी सरकले. "अजून." आणखी सरकले. त्याचा खांदा लागला तेव्हा वायर पुरली.

गाड्या सुटल्या. माझी सरळ समुद्रात. अमोल हसला, माझ्या बोटांवर बोटं ठेवून म्हणाला, "हे बटण दाब, हे." मी अंग चोरलं, माझी गाडी परत समुद्रात. हॉलमध्ये दुसरा कसलाच आवाज नव्हता. सुपातले तांदूळसुद्धा थांबले होते.

आप्पांनी पेपराची घडी घातली. उठून खुंटीवरची टोपी घेतली.

"चल गं," ते आईंना म्हणाले, "देवळात जाऊन येऊ."

"आत्ता?" आई म्हणाल्या. "भर दुपारी देऊळ बंद असतं."

आप्पा चपला घालत होते. "असू दे," ते म्हणाले. "उघडेपर्यंत बाहेर बसू."