जमनीची दुसरी रांग

जमनी गेली हे मला कळलं भर बाजारात, मिरच्या निवडताना. धडगावकडून तिचा भाचा डिंक विकायला नंदुरबारात उतरला होता. मला पाहून थांबला आणि भाव सांगावा तसं म्हणाला, "मावशी, जमनीफुई गयी." मी विचारलं, "कव्हय?" तर म्हणे, "पेरणी व्हयनी तव्हय." म्हणजे पिकं गुडघ्याला लागली तरी मला पत्ता नाही. "आन तू आते सांगस?" म्हणून मी त्याच्यावरच ओरडले. रडायचं सोडून चिडले... जमनीच्या बाबतीत मला पहिल्यापासून चिडायचीच सवय.

धानोऱ्याला आमच्या मिशनच्या बोर्डिंगात ती आली तेव्हा आम्ही दोघी परकरातल्या. मी तिथल्याच मास्तरची मुलगी, त्यामुळे शुद्ध मराठी आणि गाणं ही आपली घरची मालमत्ता, असा माझा समज. आवाज म्हणाल तर विहिरीचा रहाट बरा. जमनी अक्राणीच्या डोंगरातली. तिची मावशी मिशनच्या दवाखान्यात कामाला होती, तिनेच तिला खाली आणलेलं. पाणी भरताना जमनी गुणगुणायला लागली की बोर्डिंग चालवणाऱ्या गोऱ्या मडमबाईंची शिवणाची सुई थांबायची. एका सकाळी मडमबाईंनी जाहीर केलं की नाताळच्या कार्यक्रमात जमनी सोलो करील. हा शब्द आम्ही कधी ऐकलेला नव्हता. जमनी मुकाट्याने कोठीत गेली आणि भुईमुगाच्या शेंगांचं टोपलं पुढे ओढून सोलायला बसली. मी तिला हसले असते, पण तिच्या शेजारी बसून मीही अर्धं टोपलं सोललं होतं.

सोलो म्हणजे एकटीने गायचं, हे कळलं आणि खरी कटकट सुरू झाली. त्याच सुमारास तिच्या बापाचा निरोप आला होता. नाताळला येतो, पोरगी काय शिकली ते बघतो, शिकली असेल तर राहू दे, नाहीतर संगतीच घेऊन जातो, गुरांमागे कोणी नाही. जमनीला जायचं नव्हतं. तिला मावशीसारखं दवाखान्यात पट्ट्या बांधायच्या होत्या आणि बांधायचीही छान. तेव्हा आता सगळं त्या एका गाण्यावर आलं, आणि गाणं निवडायचं काम मडमबाईंनी दिलं कुणाला, तर मला. मास्तरची मुलगी ना!

मी पहिलं गाणं निवडलं ते असं संस्कृत की त्यातला एक शब्द मलाही कळत नव्हता. जमनीने पहिली ओळ सुरेख म्हटली आणि थांबली. मी वाट पाहिली. तीही वाट पाहत होती.

"एक ओळ म्हणीसन का थांबस?" मी विचारलं.

"दुसरी रांग म्हणी ना."

"दुसरी रांग नही शे. तू एकटीच शेस."

"मंग मी कोणाले म्हणू?"

त्यांच्याकडे बायका समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहून गातात. एका रांगेने ओळ टाकायची, दुसरीने तीच उचलून परत द्यायची. परत आली नाही तर पुढची टाकायची कशी? हे मला ती पुन्हा पुन्हा सांगत होती आणि मी पुन्हा पुन्हा गाणं बदलत होते. मडमबाईंच्या देशातल्या चालीचं एक घेतलं, त्यातल्या ओळी ओल्या दोरासारख्या लांबत गेल्या, पण शेवटी ही थांबलीच. मग माझं डोकं चाललं. ओळी इतक्या आखूड घ्यायच्या की थांबायला जागाच उरायची नाही! तर ती दुप्पट वेळा थांबली. शेवटी मी दम दिला, "दुसरी रांग मनमां म्हण, आन पुढे चाल." हे मात्र तिला जमलं. माझी छाती अशी फुगली की नाताळच्या पोलक्याचं बटण तुटलं.

नाताळच्या सकाळी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तिचा बाप आला, दोन काका आले, डोंगरातल्या चार बाया आल्या आणि सगळे अगदी मागे भिंतीला टेकून बसले. जमनी पुढे उभी राहिली. पहिली ओळ म्हटली. आणि बापाकडे बघून... थांबली. मी दातओठ खाऊन "पुढे, पुढे" करत होते. तेवढ्यात मागून बापाने ती ओळ उचलली. काकांनी उचलली, बायांनी उचलली, जशीच्या तशी परत दिली. जमनीचा चेहरा असा उजळला की सांगता सोय नाही. दुसऱ्या ओळीला आमचे धानोऱ्याचे लोकही सामील झाले. मडमबाईंचा हात हवेत तसाच राहिला. मी म्हटलं, जिंकलो.

बाहेर आल्यावर बाप खुशीत होता. आपल्या बोलीत काहीतरी बोलला. मावशीचं तोंड उतरलं. "काय म्हणे?" मी विचारलं.

"म्हणे, हाई तं तिले घरनंच येस. मंग आठे काय शिकनी?"

आणि इथे ती नवं काही शिकलीच नाही असं धरून तो तिला घेऊन गेला. डोंगर उतरताना त्याच्या अंगठ्याला ठेच लागली होती, मळकं फडकं गुंडाळलेलं होतं, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पोरीला म्हणावं पट्टी बांधून दाखव, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही. आम्ही गाणी निवडत बसलो होतो.

पुढे ती बाजाराला उतरली की माझ्या चुलीपाशी बसायची. नर्सबाई झाली असतीस, म्हणून मी धुसफुसायचे. ती हसायची आणि बिडी मागायची. एवढ्या वर्षांत मला तिच्यासारखं हसता आलं नाही, आणि तिला माझ्यासारखं चिडता आलं नाही... काय करणार!

आमच्या देवळात मात्र त्या नाताळपासून कुणालाच एकटं गाता आलेलं नाही. कोणीही उभं राहून एक ओळ म्हटली की मागचे बाक ती उचलतात. मडमबाईंनी सांगून पाहिलं, दोन पाळकांनी रागावून पाहिलं. आता यंदा माझ्या नातीचा नंबर आहे. परवा ती पाय आपटत आली, "आजी, त्या लोकांना सांग ना गप्प बसायला, माझं गाणं बिघडतं." कुणाला सांगू? पहिला आवाज माझाच असतो.