निरोप संस्थेत ठेवावा

अक्काची म्हैस मेली, ती मी एक ओळ लिहिली नाही म्हणून. हे मी आजवर ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही. अक्काला सांगितलं.

मी राजारामपुरीतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपत्रकं लिहितो. कुठलं बटण काय करतं, कधी दाबायचं, कधी नाही. पूर्वी ती माणसांसाठी लिहायचो आणि कोणी वाचत नसे. अडलं की लोक सरळ फोन करायचे. आता ती एआय एजंटसाठी लिहितो. तो सगळं वाचतो आणि वाचलं तसंच वागतो. अडलं तरी तो मला फोन करत नाही.

गेल्या वर्षी एका डेअरीचं काम आलं. जनावर आजारी पडलं की शेतकऱ्याने फोन करायचा, एजंट मराठीत बोलून नोंद घेणार आणि डॉक्टर पाठवणार. त्याच्या हाताशी टूल्स दिलेली : फोन लावणं, डॉक्टर नेमणं, नोंद बंद करणं म्हणजे डॉक्टर रद्द. प्रत्येक टूलचं वर्णन मी लिहिलं. हाताखालच्या पोरांना मी शिकवायचो की, हुशार पण परमुलखातून आलेल्या माणसाला कामावर ठेवलंय असं समजून लिहा. तुम्हाला ठाऊक आहे ते त्याला ठाऊक नाही, हे विसरू नका.

डॉक्टरांचे हेलपाटे वाचावेत म्हणून डेअरीला एक गोष्ट हवी होती. डॉक्टर निघण्याआधी एजंटने शेतकऱ्याला उलट फोन करून खात्री करायची. फोन लावायचं टूल दोन वेगळी उत्तरं द्यायचं. एक, फोन उचलला नाही. दुसरं, फोन क्षेत्राबाहेर आहे. मी दोन्ही एकाच ओळीत घातली, ‘संपर्क झाला नाही’. आणि पुढे लिहिलं, ‘वारंवार प्रयत्न करूनही संपर्क न झाल्यास नोंद बंद करावी.’ ओळ आटोपशीर दिसली. मला बरं वाटलं.

मी राधानगरीकडचा. आमच्या गावात पावसाळ्यात रेंज म्हणजे देवळामागच्या टेकावर, तीही ढगांची मर्जी असेल तेव्हा. म्हणून आमच्याकडे निरोप दूध संस्थेत ठेवतात. सकाळ-संध्याकाळ घरटी एक माणूस दूध घालायला येतोच. सचिवाने नुसतं तोंडी सांगितलं तरी निरोप उंबऱ्यापर्यंत पोचतो. सोयरीक, मयत, एसटी बंद पडली, सगळं तिथूनच कळतं. माझी नोकरी लागल्याचं आईला संस्थेतच कळलं होतं. एजंट यायच्या आधी डेअरीच्या फोनवर बसणाऱ्या बायकाही तेच करायच्या. फोन लागला नाही की संस्थेला फोन. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. लिहिताना मनातही आलं होतं. पण त्याला टूल नव्हतं, बटण नव्हतं. अशी गावठी गोष्ट माहितीपत्रकात कुठे घालायची, असं वाटून मी पुढे गेलो.

अक्का माझी थोरली बहीण, त्याच गावात दिलेली. दाजी शिरोलीला फौंड्रीत, आठवड्यातून एकदा घरी. तिच्या स्वतःच्या हातात असं काय होतं, तर ती एक म्हैस.

म्हैस गेल्याचं कळलं तेव्हा रविवारी गेलो. गोठा धुऊन काढलेला होता. कोपऱ्यात रेडकू बांधलेलं. अक्का सांगत होती. म्हैस व्यायली आणि दुसऱ्या दिवशी बसली ती उठेना. कान गार पडले. तिने टेकावर जाऊन फोन केला. डॉक्टर पाठवतो, त्याआधी फोन करतो, असं उत्तर मिळालं. ती धावत परत आली. डॉक्टर आला नाही. अशा म्हशीला वेळेवर शिरेतून कॅल्शियम मिळालं तर ती तासाभरात उभी राहते. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

“लई गोड बोलतंय ते,” अक्का म्हणाली. “काळजी करू नका म्हणालं. तुझ्याच हापिसातलं न्हवं?”

मी हो म्हणालो.

“आता मी टेकावर बसू का म्हशीपाशी बसू? संस्थेत फोन केला असता तर कोण बी सांगत आलं असतं की.”

ऑफिसात मी ती नोंद आधीच उघडून पाहिली होती. एजंटने पुन्हा पुन्हा फोन लावला होता. दर वेळी क्षेत्राबाहेर. शेवटी कारण लिहिलं होतं, ‘सूचनेप्रमाणे नोंद बंद.’ सूचना माझी होती. गप्प बसलो असतो तर तिला कधीच कळलं नसतं.

“त्यानं काय करायचं ते मी लिहितो, अक्का,” मी म्हणालो. “फोन लागला नाही तर नोंद बंद कर, हे मी लिहिलंय.”

अक्काने माझ्याकडे वळून पाहिलं.

“संस्थेचं तुला ठाव न्हवतं व्हय?”

“ठाव होतं.”

“मग त्या मशीनला कशाला बोलू मी,” ती म्हणाली आणि उठली. शेजारून मागून आणलेलं दूध बाटलीत भरून ती रेडकापाशी बसली. माझ्याकडे पाठ होती. मी बराच वेळ थांबलो. चहा झाला नाही. आमच्या घरात पाहुण्यालासुद्धा चहाशिवाय जाऊ देत नाहीत.

सोमवारी मी दोन्ही उत्तरं वेगळी केली. क्षेत्राबाहेर असल्यास नोंद उघडी ठेवावी, डॉक्टर थांबवू नये, गावच्या दूध संस्थेला फोन करून निरोप ठेवावा. संस्थांचे नंबर डेअरीकडे होतेच, ते एजंटला दिले. नंतरच्या पावसात भुदरगडकडच्या एका गावातली गाय त्यामुळे वाचली, असं साहेब बैठकीत म्हणाले. मला शाबासकी मिळाली. मी मान खाली घालून ती घेतली.

अक्का आता मला फोन करत नाही. मी केला तर क्षेत्राबाहेर येतो, आणि खरंच रेंज नसते की तिलाच माझ्याशी बोलायचं नसतं, हे मला ओळखता येत नाही. मग मी संस्थेत निरोप ठेवतो. दिवाळीच्या आधी सचिवाचा फोन आला. म्हणाले, तुमच्या अक्काचा निरोप हाय, रेडकू जगलं न्हाई, भाऊबीजेला येऊ नको म्हणालीया.

मी म्हणालो, बरं. निरोप पोचला म्हणून सांगा.